गेवराई आणि पाटोदा : बीड या एकाच जिल्ह्यातील दोन जमिनी

प्रश्न : वडिलोपार्जित वाटणीत मला गोदाकाठी गेवराई तालुक्यात तीन एकर आणि पाटोद्याजवळ डोंगरउतारावर दोन एकर जमीन आली आहे. गोदाकाठच्या रानाला उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तर पाटोद्याला वीतभर मातीखाली मुरूम लागतो. दोन्हीकडे मोसंबी लावण्याचा विचार आहे. आपले मत कळवावे.

उत्तर १ : दोन्ही मातींचे मूळ दख्खनचा बेसाल्ट खडकच आहे, मात्र बालाघाटच्या उतारावरून वाहून गेलेली माती खोऱ्यात साचत राहिल्यामुळे गेवराईला खोल काळी कसदार आणि पाटोद्याला उथळ जमीन तयार झाली. भेगा पडतात त्या चिकणमाती पाणी धरून फुगते व वाळल्यावर आकसते म्हणून. अशा रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बी ज्वारी उत्तम येते, पण पाणी साचून मोसंबीची मुळे कुजतात.

उत्तर २ : सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की, लागवडीपूर्वी मीटरभर खड्डा खणून चुनखडी अवश्य तपासावी, कारण ती १० टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास लोह उपलब्ध होत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. माझ्या बागेत हे मी चौथ्या वर्षी शिकलो, फार उशिरा!

उत्तर ३ : पाटोद्याला सीताफळच लावा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हे झाड मुरमाड जमिनीतही तग धरते.