पिपीलांना राणी हवीच कशाला?

(ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वाळूचा किल्ला

कल्पनारम्य कथांत मुंगीमाणसं आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. भुयाराच्या तळाशी अवाढव्य राणी, विचार करायचा तो तिनेच, बाकी सगळे हुकमाचे ताबेदार. राणीला मारलं की लाखभर सैनिक जागच्या जागी गळपटतात आणि नायक हात झटकून घरी जातो. लेखकाची सोय होते, एवढंच.

मी सध्या 'पिपील' नावाची जमात रचतोय. माझं म्हणणं असं, की त्यांच्यात सत्ता राणीच्या हाती असूच शकत नाही. खऱ्या मुंग्यांकडे बघा. राणी अंडी घालते आणि तिच्या अंगाच्या वासावरून बाकीच्यांना कळतं की अंडी घालणारी घरात आहे. कारभारात तिचा हात नाही. अन्नाला कोण जाणार, पिल्लांजवळ कोण थांबणार, हे तिला विचारून होत नाही. टेम्नोथोरॅक्स नावाच्या चिमुकल्या मुंग्यांचं घर मोडलं की काही जणी नव्या जागा हुडकतात. जागा पसंत पडली की एकेका सोबतिणीला मागे घेऊन जातात, ती स्वतः पाहून काय ते ठरवते. एका जागेत पुरेशा जणी जमल्या की रेंगाळणं संपतं आणि उरलेल्यांना सरळ उचलून आणणं सुरू होतं. राणीचंही मत कुणी घेत नाही, तीही सगळ्यांबरोबर हलवली जाते.

पिपीलांची सभा अशीच चालेल. भाषणं नाहीत, हात वर करणं नाही. जिला प्रस्ताव पटला तिने दुसरीला नेऊन दाखवायचं. ठरावीक संख्या जमली की निर्णय पक्का, मग माघार नाही.

शिवाय राणीपद जन्माने मिळणार नाही. हार्पेग्नॅथॉस ही भारतात आढळणारी, उड्या मारणारी मुंगी. राणी मेली की तिच्या कामकरी मुंग्या मिशांचे फटके मारत झुंजतात, तेही कित्येक दिवस. जिंकणाऱ्या काही जणींची अंडाशयं वाढतात, आयुष्य सुमारे ७ महिन्यांवरून ४ वर्षांपर्यंत जातं आणि मेंदू साधारण पाचव्या हिश्श्याने आकसतो. त्यांना काही आठवडे वेगळं ठेवलं तर अंडाशयं आकसतात आणि मेंदू पुन्हा वाढतो, असं २०२१ मधल्या संशोधनात दिसलं. यावरून पिपीलांचा कायदा: जी आई होईल तिची सभेतली जागा जाईल. आईपण सोडलं की जागा परत.

राणी होणं म्हणजे सत्तेतून निवृत्ती. बोला.

घनमूळ

सभा नंतर. आधी तुमची पिपील उभी राहते का ते बघू. एक सेंटिमीटरची मुंगी दीड मीटरची केली, म्हणजे दीडशे पट. वजन दीडशेच्या घनाने वाढणार, ३३ लाख ७५ हजार पट. स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून, ती वाढणार २२,५०० पट. स्वतःच्या तीसपट वजन उचलणारी मुंगी या मापात स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा उचलेल. गॅलिलिओने १६३८ मध्ये हाडांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. तेव्हा 'मुंगीची ताकद' हा गुण आधी खोडा.

श्वासाचं काय? मुंगीला फुफ्फुस नसतं. अंगावरच्या छिद्रांतून नळ्या आत जातात आणि प्राणवायू त्यांतून थेट पेशींपर्यंत पोचतो. नळी लांबली की हे गणित बसत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ६५ सेंटिमीटरच्या आसपास पंखविस्तार असलेले, चतुरासारखे कीटक होते. तेव्हा हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, आणि तरीही कुणी पाच फुटी झालं नाही.

वाळूचा किल्ला

ताकद खोडली, मला ती नकोच होती. फुफ्फुस दिलंय. जमिनीवर राहणारा नारळखेकडा चार किलोपर्यंत भरतो आणि कल्ल्यांच्या पोकळीतूनच हवेत श्वास घेतो. संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या, प्राण्यांत ही वाट आधीच निघालेली आहे, मी ती पुढे नेली.

उलटतपासणी

देह तपासून झाला असेल तर मनाकडे वळू. माझ्या मते जमात तिथे कोसळते.

मुंगी वांझ राहायला राजी होते, कारण राजी-नाराजीचा प्रश्न तिच्यापुढे येतच नाही. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ मध्ये हिशेब मांडला. नर अफलित अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याची सगळी जनुकं प्रत्येक मुलीला जशीच्या तशी मिळतात आणि सख्ख्या बहिणींचं नातं, म्हणजे सामाईक जनुकांचा हिस्सा, अर्ध्याऐवजी पाऊण होतं. पोटच्या मुलीपेक्षा बहीण जवळची. ठीक. पण राणीने अनेक नरांशी संग केला की ते पाऊण घसरतं, आणि मधमाश्यांची राणी डझनभर नरांशी करते. वाळवीत तर हा हिशेब लागूच नाही, तरी तिच्यात कामकरी आहेत. मग एकोपा टिकतो कशावर? बऱ्याच ठिकाणी धाकावर. कामकरी मधमाशीने गुपचूप घातलेलं अंडं दुसऱ्या कामकरी माश्या हुडकून खातात. १९८९ मध्ये हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांनीच त्याला पोलिसगिरी म्हटलंय.

आता या प्राण्याला भाषा द्या, स्मृती द्या, 'माझं' म्हणायची अक्कल द्या. आपलं अंडं कुणी खाल्लं हे तिच्या लक्षात राहणार. ती दुसरीला सांगणार. दोन पिढ्यांत एकतर बंड होईल, नाहीतर अंड्यांवर पहारा करणारीचं राज्य येईल. तुम्ही राणीच्या हातून सत्ता काढलीत आणि पाळणाघराच्या दारात उभ्या असलेल्यांच्या हाती दिलीत, फक्त तसं लिहिलं नाहीत.

आणि तो मेंदूचा कायदा! आई झाली की अक्कल कमी, म्हणून सभेबाहेर. एखाद्या बाईसमोर हे मोठ्याने वाचून बघा. मुंग्यांच्या चौदा हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात. त्यातली नेमकी हीच तुम्ही उचललीत, तेव्हा 'निसर्गात असंच आहे' ही पळवाट तुम्हाला नाही.

कोष

वर सगळे मोठ्या मुंग्यांबद्दल बोलताय. पिपीलांचं बालपण कुठंय?

मुंगी वाढते ती अळी असतानाच. कोषातून बाहेर आली की तिचं माप कायमचं ठरलं, मग ती कात टाकत नाही. म्हणजे दीड मीटरची पिपील हवी असेल तर आधी निदान तेवढ्याच वजनाची अळी हवी. पाय नाहीत, डोळे नाहीत, भरवल्याशिवाय जगत नाही. वर्षानुवर्षं तिला कुणीतरी उचलायचं, चाटून साफ करायचं. समाजाची निम्मी मेहनत इथेच जाणार. सैन्याच्या गप्पा राहू द्या.

उलट बाजूही आहे. मोठ्या मुंगीची कंबर इतकी बारीक, की घट्ट घास पोटात उतरत नाही. काही जातींत घास अळीला देतात आणि तिने पचवून ओकलेला रस मोठ्या मुंग्या पितात. काही जातींतल्या मुंग्या तर अळीच्या कातडीला भोक पाडून तिचं रक्त पितात, अळी जगते. पिपीलांच्या घरात मूल हीच चूल. अळ्यांचं दालन ज्यांच्या ताब्यात, अन्न त्यांच्या ताब्यात. तेव्हा पहाऱ्याच्या मुद्द्यावर मी उलटतपासणींच्या बाजूने.

मला स्वतःला मात्र आठवणींचं जास्त कुतूहल आहे. २००८ मध्ये एका पतंगाच्या सुरवंटांना ठरावीक वासासोबत विजेचा सौम्य झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं. पतंग झाल्यावरही ते तो वास टाळत होते, पण अळीच्या शेवटच्या टप्प्यात शिकलेलेच. आधी शिकलेल्यांचं सगळं कोषात पुसलं गेलं. पिपीलेला बालपणाचा फक्त शेवट आठवेल. भरवणारीचा वास आठवेल, चेहरा कधी दिसलाच नव्हता. हे सोडून तुम्ही सभेचे नियम काय लिहीत बसलाय?

शिवाय खेकड्याला कात टाकताना तुटलेला पाय पुन्हा फुटतो, मोठ्या मुंगीला नाही. आणि मुंग्यांत तरुण घरात असतात, जोखमीच्या बाहेरच्या कामाला म्हाताऱ्या जातात. म्हणजे पिपीलांच्या सीमेवर तुम्हाला भेटतील त्या तुटक्या मिशांच्या, चार-पाच पायांच्या आज्या. फ्लोरिडातल्या सुतार मुंग्या जखमी बहिणीची मांडी दुखावली असेल तर तिचा पाय मुळापासून चावून तोडतात, आणि तशा मुंग्या जास्त जगतात. जखम खाली असेल तर नुसती चाटतात. २०२४ चा शोध आहे. शल्यवैद्य आहेत त्यांच्यात!

भर दुपार

एवढं शास्त्र कोंबल्यावर गोष्ट लिहिणार कधी? ड्रॅगन उडतो तेव्हा कुणी पंखांचं क्षेत्रफळ काढत नाही.

तेवढं एक करा, आळशी पिपील घ्या. टेम्नोथोरॅक्समध्येच सुमारे ४० टक्के कामकरी मुंग्या नुसत्या बसून असतात. कष्टाळू काढून घेतल्या तर बसलेल्यांतल्याच उठून त्यांची जागा घेतात. बसलेल्या काढल्या तर त्यांची जागा कुणी घेत नाही. मला त्या चाळीस टक्क्यांत नागरिकत्व हवंय.

घनमूळ

ड्रॅगनच्या पंखांचंही काढतो मी. कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतो.

नाकासमोर

वासाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मुंगीच्या अंगावरचा तेलकट थर हीच तिची ओळख. घरचा वास असेल तर आत, नसेल तर लढाई. 'म्हणून पिपीलांत खोटं बोलता येत नाही' असं कुणी लिहू नका. मॅक्युलिनिया या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या मुंग्यांचा वास अंगावर वागवून वारुळात राहतात आणि आयतं खातात. त्यांतली एक तर राणीच्या आवाजाची नक्कल करते. मुंग्यांच्या देशात हेर असणारच, आणि तो दिसायला कसाही असला तरी चालेल.

दुसरं, मेलेल्या मुंगीच्या अंगावर ओलेइक आम्ल तयार होतं आणि त्या वासावरून तिला उकिरड्यावर नेऊन टाकतात. १९५८ मध्ये मुंग्यांचा अभ्यासक विल्सन याने जिवंत मुंग्यांना ते फासलं, तर त्यांनाही उचलून नेलं. पाय झाडत होत्या तरी. अंग साफ होईपर्यंत त्या 'मेलेल्या'च. पिपीलांत शिक्षा काय, तर हीच. फाशी नको, तुरुंग नको.

वाळूचा किल्ला

वासाची शिक्षा घेतली!

उलटतपासणी, पहाऱ्याची तुकडी तुम्ही कल्पलीत. मधमाश्यांत अंडं खाणारी माशी नेमलेली नसते, जिला सापडेल ती खाते. सत्ता सगळ्यांत वाटली गेली की ती कुणा एकीची राहत नाही. मेंदूचं म्हणाल तर पिपीलांत शिकारी, सैनिक, न्यायाधीश, सगळ्या बायकाच. आईला कमी लेखणारा पुरुष त्यांच्यात आहेच कुठे? झुंज ऐच्छिक आहे आणि परतीची वाट उघडी आहे. तो कायदा त्यांच्यातल्याही अनेकींना खुपतो. कादंबरी त्या खुपण्यावरच उभी आहे.

पंखवाला

पुरुष आहेत हो, कुणी विचारत नाही एवढंच. नराला बाप नसतो आणि मुलगा होत नाही, पण आजोबा असतो आणि नातू होऊ शकतो. वंशावळ लिहायला बसलं तर डोकं फिरेल. त्याचं आयुष्य थोड्या आठवड्यांचं, एका उड्डाणात आटोपतं. राणी मात्र त्याचं बीज साठवून पुढे वर्षानुवर्षं वापरते. बागेतल्या काळ्या मुंगीची एक राणी बंदिवासात जवळपास २९ वर्षं जगली. मेल्यावर पाव शतक बाप होत राहायचं, यावर कुणी तरी लिहा.

उलटतपासणी

'सगळ्याच पोलीस आहेत, म्हणून पोलीसराज्य नाही' हा युक्तिवाद मी जपून ठेवणार आहे. नेमलेली तुकडी असती तर तिच्यापासून लपता तरी आलं असतं. आता नाकासमोर यांची शिक्षा त्यात मिसळा. जिने अंडं लपवलं तिला सगळ्या मिळून जिवंतपणी उकिरड्यावर नेतात आणि हुकूम कुणाचा, तर कुणाचाच नाही. दाद मागायची कुणाकडे? आणि 'त्यांच्यात पुरुष नाहीत' हे पिपीलेला सांगा. वाचणाऱ्यांत आहेत.

नुसतं खोडत बसत नाही, पर्याय देते. राघवेंद्र गदगकरांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं अभ्यासलेली रोपालिडिया मार्जिनाटा ही गांधीलमाशी घ्या. तिची राणी गरीब स्वभावाची, कुणावर धावून जात नाही. पुढची राणी कोण हे बघणाऱ्या माणसाला ओळखता येत नाही, पण राणी काढून घेतली की एक जण लगेच पुढे होते आणि बाकीच्या झुंज न करता तिला मानतात. मुख्य म्हणजे एखादी माशी उठून निघून जाऊ शकते, स्वतःचं पोळं बांधू शकते. वांझ राहणं हा तिथे कायमचा शिक्का नाही. विचार करणारा प्राणी रांगेत थांबेल तो अशा ठिकाणी, जिथे आपली पाळी येऊ शकते आणि दार उघडं आहे.

वाळूचा किल्ला

पण त्या पोळ्यात माश्या किती? काही डझन. दार उघडं ठेवलं तर लाखांचं शहर उभं राहत नाही. पिल्लांची दालनं, सीमा, शल्यवैद्य, चाळीस टक्के आळशी, हे सगळं मोठ्या वारुळातच शक्य आहे. मला शहर हवंय.

उलटतपासणी

मग ते शहर दाराशिवाय कसं टिकतं ते लिहा. पहिलं प्रकरण जिचं अंडं खाल्लं तिच्या तोंडून. आईपण सोडून सभेत परतलेलीच्या तोंडून लिहिलंत तर मी वाचणार नाही.

कोष

मी दोन्ही वाचेन. फक्त अळीला कोण भरवतं ते आधी ठरवा.