अनुभव धागा: पुढचं काहीच दिसत नव्हतं, तेव्हा देवावर कसं सोडलंत?

मंडळी, नवस फेडल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. इथे त्या आधीचं लिहा. पावतो की नाही हेच कळत नव्हतं, तेव्हाचं. देव कुठलाही चालेल. जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी सुरुवात करा.

केळीवाला, रावेर तालुका
आमच्याकडे देवाची परीक्षा मे-जूनमध्ये असते. घड कापणीला येतात आणि नेमकं वादळ सुटतं. त्या वर्षी व्यापारी दुपारी भाव ठरवून गेला आणि संध्याकाळी निम्मी बाग आडवी. बॅटरी घेऊन गेलो तर मोडलेल्या खोडांतून चीक ठिबकत होता, घड चिखलात तोंड खुपसून पडलेले. मी चिडून वडिलांना म्हटलं, "आता कुठे गेला तुमचा विठोबा?" ते म्हणाले, "तो कुठे जातो? इथंच आहे." मला आणखीच राग आला. सकाळी ते विळा घेऊन पडलेली झाडं तोडत होते आणि प्रत्येक खोडाजवळचं एकेक जोमदार पील राखत होते. पुढे त्या पिलांवर माल आला, पण कर्ज फिटायला बराच काळ गेला. विम्याचं विचारू नका. देवाने सगळं भरून दिलं असं मी म्हणणार नाही. फक्त, त्या रात्री वडिलांना झोप लागली आणि मला लागली नाही, हे डोक्यातून जात नाही.

सुरतेत राहणारा, मूळ शिंदखेड्याकडचा
साडी मार्केटमधली नोकरी सुटली आणि श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी गावी कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. भावकीला तोंड दाखवायची इच्छा नव्हती. आई फोनवर एवढंच म्हणाली, "कानबाई से ना!" (आहे ना!) गेलो. रोट खाताना एका काकांनी कुठे कामाला आहेस विचारलं, खरं ते सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांच्याच ओळखीने दुसरं काम लागलं. आईच्या मते ही कानबाईची करणी. मी वाद घालत नाही.

परिचारिका, नवापूर
आमच्या चर्चच्या मंडळीत बायबलमधलं यिर्मया 29:11 भिंतीवर, कॅलेंडरवर, पत्रिकेवर सगळीकडे असतं. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, असं ते वचन. माझं बाळ पोटातच गेलं तेव्हा भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची. मला ऐकवेना. आमच्या पाळकांनी अध्याय सुरुवातीपासून वाचायला लावला. ते पत्र आहे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना. दहाव्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण घरी परतणारच नव्हते! आणि पाचव्यात त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. हे कॅलेंडरवर कुणी छापत नाही. मी रात्रपाळी पुन्हा सुरू केली, दारात शेवगा लावला. बाळ का गेलं ते आजही माहीत नाही. कुणी सांगू लागलं तर मी उठून जाते.

स्पर्धा परीक्षावाला, धुळे
आमच्या अभ्यासिकेत गणपतीचा फोटो आहे. निकालाच्या दिवशी सगळे हात जोडतात. पास एक होतो. बाकीच्यांसाठी काय संकल्प असतो, तेही कुणीतरी सांगा. माझा अनुभव एवढाच.

वारकरीण, मुक्ताईनगर
धुळ्याच्या भाऊ, मला सांगता येणार नाही. आमच्या मुक्ताईचंच बघा. संन्याशाची पोरं म्हणून भावंडांना वाळीत टाकलं, आईबाप गेले. 1296 मध्ये ज्ञानोबांनी समाधी घेतली आणि पुढच्याच वर्षी तापीकाठी विजेच्या कडकडाटात ती गुप्त झाली. संकल्प काय होता, हे तिला तरी कुणी सांगितलं होतं? ज्येष्ठात पालखी निघते, बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूरला. मी दरवर्षी जायचे. मालकांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून वेशीपर्यंत जाते, माउलींच्या पाया पडते आणि जळगावची बस धरते. दवाखान्यात बाकावर हरिपाठ होतो. आधी "यांना बरं कर" म्हणायचे, आता "आजची सुई नीट लागू दे" म्हणते. हातावरची नस सापडेना झाली की सिस्टर दोन-तीनदा टोचते, त्यांचा जीव जातो. एवढं मागणं पुरतं का, विचाराल तर कधी पुरतं, कधी नाही.
तुम्ही पुढची परीक्षा देताय ना?

स्पर्धा परीक्षावाला, धुळे
देतोय ताई. हॉल तिकीट आलंय. देवाचं नंतर बोलू.