मैत्रिणींसमोर दुःख पुन्हा पुन्हा मांडल्याने मन हलके होते की जड?

हिरवाकाठ (प्रश्न)
माझ्या प्रियकराने घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी साखरपुडा केल्यावर आमचे अनेक वर्षांचे नाते संपले. तेव्हापासून प्रेमात दुखावलेल्या आम्ही काही मैत्रिणी रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी भेटतो. सुरुवातीला या भेटींनीच मला सावरले, कारण घरी ‘झाले गेले विसर’ यापलीकडे कोणी बोलत नव्हते आणि आईला गल्लीत काय बोलतील याचीच काळजी अधिक होती. अलीकडे मात्र जुने मेसेज आणि त्याच्या लग्नाचे फोटो यांवरच संध्याकाळ सरते व परतताना मन अधिक जड होते. मैत्री न तुटता या फेऱ्यातून बाहेर कसे पडावे?

पूर्वभागकर
ताई, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, एकाच अडचणीची मित्रमैत्रिणींत वारंवार उजळणी होते तेथे मैत्री घट्ट असते, परंतु नैराश्य आणि चिंताही अधिक आढळतात. तो अभ्यास शाळकरी मुलामुलींचा होता; तरी तुमचे वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळते. आमच्या गटात एकीने हकीगत सांगायची आणि दुसरीने तीच ‘ती’ म्हणून, जणू एखाद्या तिसरीची असावी तशी, परत सांगायची असे आम्ही ठरवले. स्वतःची गोष्ट दुसरीच्या तोंडून ऐकताना आपण कोठे वाजवीपेक्षा अधिक सोसले आणि कोठे डोळेझाक केली, हे अधिक स्पष्ट दिसते.

जुनी शिक्षिका
आमच्या आजीच्या पिढीतील बायका सासुरवास जात्यावरच्या ओव्यांतून सांगत असत, पण दळण सरले की ओवीही थांबे आणि पुढची कामे हाक मारीत. आपल्याकडे एकत्र बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकल्या आहेत का? हात चालू असल्यामुळे बोलणे एका जागी अडकत नाही. तुम्हीही नुसते बसण्याऐवजी चालत बोला, किंवा मिळून काहीतरी शिका. (सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर बोलायलाच उसंत मिळणार नाही!)

कोरा कागद
वरील दोन्ही उत्तरे मला थोडी घाईची वाटतात, कारण बाईने लवकर समजूतदार व्हावे अशी अपेक्षा सगळेच करतात आणि तिच्या रागाला मात्र कोणी वेळ देत नाही. शिवाय प्रत्येकीची हकीगत सारखी नसते. नाते तुटणे हा गुन्हा नव्हे. परंतु लग्न करण्याचा मुळातच हेतू नसताना तसे वचन देऊन शरीरसंबंध ठेवले असतील, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. कोणाची झोप आणि भूक दीर्घकाळ उडाली असेल, तर तिने १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलावे. तो भार मैत्रिणींनी एकट्याने पेलू नये.

हिरवाकाठ
सर्वांचे आभार. परत सांगण्याची पद्धत येत्या रविवारी करून पाहू, आणि तीही तलावाला फेरी मारता मारता. फोटोंचे मात्र अजून ठरलेले नाही, कारण आमच्यातील एकीने ते पुसण्यास साफ नकार दिला आहे आणि तिला भरीस घालणे मला योग्य वाटत नाही.