प्रँकस्टर असला तरी वेग लागतोच

वर कोणीतरी लिहिलंय की व्हिम्सिकॉट या पोकेमॉनला प्रँकस्टर ही क्षमता आहे, मग त्याच्या वेगावर गुण खर्च करणं वाया, सगळे एचपीत (जीवशक्तीत) टाका. मला हे अजिबात पटत नाही.

प्रँकस्टर फक्त स्टेटस चालींना, म्हणजे थेट इजा न करणाऱ्या चालींना, एक पायरी अग्रक्रम देतो. समोर टॉर्नेडस हा पोकेमॉन आला की त्यालाही तीच क्षमता, मग दोघांत आधी कोण हे वेगच ठरवतो. व्हिम्सिकॉटचा मूळ वेग ११६, टॉर्नेडसचा १११. पन्नासाव्या लेव्हलला वेग पूर्ण वाढवला, पण स्वभाव (नेचर) वेग वाढवणारा घेतला नाही, तर व्हिम्सिकॉट १६८ वर थांबतो आणि १७९ चा टॉर्नेडस आधी टॉन्ट (स्टेटस चाली बंद करणारी चाल) मारून तुमचा टेलविंड (आपल्या बाजूचा वेग दुप्पट करणारी चाल) रोखतो. स्वभावही वेगाचा घेतलात तर १८४. माझ्या मते डाव इथेच फिरतो, कारण टेलविंडच्या जेमतेम चार फेऱ्या मिळतात आणि त्यातली पहिली तो लावण्यातच जाते. शिवाय मूनब्लास्ट ही हल्ल्याची चाल, तिला प्रँकस्टरचा काही उपयोग नाही.

फेक आउट, म्हणजे समोरच्याला दचकवून त्याची चाल चुकवणारा हल्ला, त्यापुढे मात्र कितीही वेग असो, हात टेकावे लागतात. त्याचा अग्रक्रम तीनचा. त्यासाठी कोव्हर्ट क्लोक ही दचकण्यापासून वाचवणारी वस्तू द्या, किंवा शेजारी घोस्ट प्रकारचा नको (त्याला फेक आउट लागतच नाही, मग तो व्हिम्सिकॉटवरच येतो), फेक आउट स्वतः मारणारा जोडीदार ठेवा.

आणि एन्कोर (समोरच्याला आधीचीच चाल पुन्हा करायला लावणारी चाल) वापरणार असाल तर समोरचा डार्क प्रकारचा नाही ना, हे आधी बघा. खेळाच्या सातव्या पिढीपासून त्यांच्यावर प्रँकस्टरच्या चाली चालत नाहीत. टेलविंड आपल्याच बाजूला लागतो, त्याला ही अडचण नाही.