पांढरं रेशनकार्ड, लेकीचं ऑपरेशन आणि उत्पन्नाची अट

बी-३०२: नमस्कार. प्रश्न घरचा आहे, पण आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला तरी माहीत असेल म्हणून विचारते. लेक १९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाल अवघड. खुब्याचं ऑपरेशन सांगितलंय. काल एका हॉस्पिटलच्या काउंटरवर फाइल दिली, तर रिपोर्ट उघडलेसुद्धा नाहीत. वरचं पांढरं रेशनकार्ड बघितलं आणि "तुम्ही योजनेत बसत नाही" म्हणून फाइल परत सरकवली. लेक शेजारी व्हीलचेअरवर. तिची स्वतःची कमाई शून्य आहे हो.

ए-१०४: ताई, तुम्हाला जुना नियम सांगितला. सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती, म्हणजे वर्षाला १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डालाही लागू केली आणि १ जुलै २०२४ पासून अंमलही सुरू झाला. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. काउंटरवर विचारू नका, योजनेतल्या हॉस्पिटलात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो, त्याला गाठा. सुचवलेलं ऑपरेशन योजनेच्या यादीत आहे का आणि त्या हॉस्पिटलात होतं का, हे दोन प्रश्न विचारा. टोल फ्री १५५३८८.

बी-३०२: खरंच? रात्रभर मी दागिन्यांचा हिशोब करत होते.

सी-२०१: दादा, माझंही सांगा. धाकट्या भावाच्या पायाला पोलिओ आहे. कंपनीत पगार २३ हजार झाला आणि एचआर म्हणतं आता ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्यविमा, बंद, पगाराची मर्यादा २१ हजार.

ए-१०४: २१ हजार बाकीच्यांना. दिव्यांग कर्मचाऱ्याला २५ हजार. भावाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन लेखी अर्ज द्यायला सांगा, तोंडी बोलून उपयोग नाही. आणि ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांनी लक्षात ठेवा, दिव्यांग मूल मोठं झालं म्हणून आई-वडिलांच्या कार्डावरून आपोआप उतरत नाही.

ए-४०३: मर्यादा तर हवीच ना? नाहीतर बंगलेवालेही रांगेत उभे राहतील आणि गरिबाचा नंबर मागे जाईल.

ए-१०४: काका, मर्यादा असावी, पण मोजायची कशी ते बघा. दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५० हजार. महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये. म्हणजे बाप वॉचमन असला तरी पोरगा बाहेर! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही कलम २५ मध्ये मोफत आरोग्यसेवा आहे, पण पुढे लगेच "कुटुंबाच्या उत्पन्नाच्या अधीन". माझा मुलगा २४ वर्षांचा, ऑटिझम. सज्ञान म्हणून त्याला मताचा हक्क आहे, बँकेत सही त्याची लागते, पण उत्पन्न विचारताना तो माझ्या पगाराचा भाग होतो. आणि त्याच पगारातून स्पीच थेरपी, फिट्सच्या गोळ्या, डायपर किती गेले, हे उत्पन्नाच्या दाखल्यावर लिहायला रकानाच नाही. तहसीलमध्ये मी दोनदा विचारलंय. काका, मला राग याचाच येतो. दोन घरांत पगार सारखा असला तरी हातात उरणारे पैसे सारखे नसतात.

ए-४०३: हे मी या बाजूने बघितलं नव्हतं. पटलं.

बी-३०२: दादा, फिजिओचं काय? आठवड्यातून तीनदा असतो. पायाचे स्प्लिंट दर वर्षी लहान होतात. आता तर पट्टा लावला की घोट्यावर लाल वळ उठतो.

ए-१०४: फुले योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. रोजच्या थेरपीसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्यविमा योजना बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच, पण सगळे उपचार मिळून १ लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी तपासणी नाही. तिथे उत्पन्नाने फक्त फी बदलते. नवीन नोंदणीला बीपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना, २५०, इतरांना ५०० रुपये. दाराबाहेर कुणाला ठेवत नाहीत. मला तरी हीच पद्धत बरोबर वाटते. पैसे नंतर परत मिळतात, त्यामुळे फिजिओची प्रत्येक पावती जपा, तारीख आणि सही असलेली.

सेक्रेटरी: एक भर. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तिथे तहसीलचा दाखला किंवा रेशनकार्ड मागतात.

बी-३०२: आमचं त्याच्याही वर जातं, ह्यांचा पगार ३८ हजार आहे. फुलेच बघते.

ए-१०४: उद्या मला सुट्टी आहे, मी येतो बरोबर. रेशनकार्ड, लेकीचं आधार, यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) कार्ड आणि डॉक्टरांनी ऑपरेशन लिहून दिलेला कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. रेशनकार्डावर लेकीचं नाव आहे ना, ते आत्ताच बघून घ्या.

बी-३०२: बघितलं. आहे. तिसऱ्या ओळीत.

सी-२०१: व्हीलचेअरसाठी माझी गाडी घ्या, डिकी मोठी आहे. नऊला गेटवर आणतो.