मदत हवी आहे: १२० रोलच्या कडेला पांढरे पट्टे, रविवारच्या आत उपाय हवा

कवडसा:
सलग तिसरा १२० रोल (कागदात गुंडाळलेली, ३५ मिमीपेक्षा रुंद फिल्म) वाया गेला. फोटोंच्या कडेला पांढरे पट्टे येतायत. कधी बारीक, कधी पार पाव फ्रेम खाऊन टाकतात. शटर नीट चालतंय, फोकस बरोबर येतोय, एक्स्पोजरही ठीक आहे. रविवारी आजीचे फोटो काढायचे आहेत. ती ९१ वर्षांची आहे आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निवांत बसून फोटो काढून घ्यायला तयार झालीय. हा रोल बिघडून चालणार नाही. काय करू ते लवकर सांगा.

रीळवाला:
कॅमेरा कुठला ते लिहिलंच नाहीत. हॅसलब्लाड असेल तर मॅगझिनच्या (फिल्मच्या डब्याच्या) डार्क स्लाइडचं, म्हणजे फिल्म झाकायच्या पत्र्याचं, सील बघावं लागेल, घडीचा कॅमेरा असेल तर भात्याला भोक पडलंय का ते. टीएलआर (एकावर एक दोन भिंगांचा कॅमेरा) असेल तर आणखी वेगळं.

जुनी_भिंग:
सील गेलंय. मागच्या दाराच्या खाचेतला फोम वीस-पंचवीस वर्षांत कुजून चिकट होतो, बोट लावलं की काळं डांबरासारखं लागतं. सगळा फोम खरवडून काढा, नवा लावा. माझ्या तीन कॅमेऱ्यांना हेच झालं होतं.

कवडसा:
यशिका मॅट १२४जी आहे, टीएलआर. काकांचा. फोम दोन वर्षांपूर्वी बदलून घेतलाय.

अंधारखोली:
पट्टे पांढरे म्हणजे स्कॅनमध्ये ना? निगेटिव्ह हातात घेऊन बघितलीत का? तिथे ती जागा काळी आहे की पारदर्शक? काळी असेल तर नको तिथे प्रकाश लागलाय. पारदर्शक असेल तर धुण्यात गडबड आहे. फिल्म धुण्याच्या टाकीत केमिकल कमी पडलं की वरची कड कोरडी राहते. पॅटरसनच्या टाकीत ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली पुरतं, पण १२० ला ५०० मिली लागतं. ३५ मिमीची सवय असलेले पुष्कळ जण इथेच फसतात.

रीळवाला:
अहो, केमिकल कमी पडलं तर स्कॅनमध्ये पट्टा गडद दिसेल. त्या पांढरा म्हणतायत.

अंधारखोली:
म्हणूनच निगेटिव्ह बघायला सांगितलं. स्कॅनवरून निदान करायचंच नाही, हे मी प्रत्येक धाग्यावर सांगत आलोय.

प्रकाशमापक:
१२४जी आहे तर त्यातल्या प्रकाश मोजायच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलाय. त्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत आणि १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की रीडिंग चुकतं. कानाच्या मशीनमधली झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास असते, ती चालून जाते. नाहीतर हातातला मीटर वापरा.

कवडसा:
मीटरचा प्रश्नच नाहीये, एक्स्पोजर ठीक आहे असं वर लिहिलंय. निगेटिव्ह बघितली. पट्टा काळा आहे. रोल मीच धुते, ५०० मिलीच घेते.

रीळवाला:
आता काम होईल. चार गोष्टी बघून सांगा. काळेपणा फ्रेमच्या चौकटीतच थांबतो की बाहेर फिल्मच्या अगदी काठापर्यंत जातो? काठावर कंपनीची अक्षरं आणि आकडे असतात, ती त्यात बुडालीयत का? एकाच कडेला आहे की दोन्ही? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या फ्रेमला जास्त आहे की बाराव्या?

जुनी_भिंग:
एवढी चौकशी कशाला? दाराच्या कडेवर काळी टेप मारून एक रोल काढा. पट्टा गेला तर सील, नाही गेला तर दुसरं काहीतरी. दहा मिनिटांचं काम.

रीळवाला:
दहा मिनिटं आणि एक अख्खा रोल. दिवस कमी आहेत त्यांच्याकडे. निगेटिव्ह हातात असताना आंधळेपणाने टेप कशाला मारायची?

दोनशेवीस:
दाराच्या आतली प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी) १२ फ्रेमवर आहे की २४ वर? १२४जी मध्ये २२० रोलही चालायचा, त्यासाठी प्लेट सरकवता येते. २२० ला १२० सारखा फिल्मच्या पाठीमागे कागद नसे, फक्त दोन टोकांना असे, म्हणून दुप्पट लांबीची फिल्म त्याच स्पूलवर (गुंडाळायच्या रिळावर) मावायची. १२० चा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९०१ साली कोडॅकने ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढलेला हा रोल आजही निघतो.

कवडसा:
प्लेट १२ वरच आहे. रीळवाला, काळेपणा काठापर्यंत जातो, अक्षरं वाचता येत नाहीत. दोन फ्रेमच्या मधल्या जागेतही आहे. दोन्ही कडांना आहे, पण एका बाजूला जास्त. पहिल्या चार-पाच फ्रेम जवळजवळ स्वच्छ आहेत. नवव्यापासून वाढत जातो, बारावी तर गेलीच.

रीळवाला:
मग लेन्स, शटर आणि आतली चौकट, तिन्ही सुटली. तिथून प्रकाश आला असता तर चौकटीतच राहिला असता. दाराचं सीलही मला वाटत नाही. सील गळलं की फिल्म जिथे थांबलेली असते तिथे डाग पडतो. कॅमेरा जास्त वेळ उन्हात राहिला त्या फ्रेमला गडद, बाकीच्यांना फिका. असा क्रमाने वाढत जात नाही.

तुमचा रोल सैल गुंडाळला जातोय. काढलेल्या रोलमध्ये पहिली फ्रेम सगळ्यात आत असते आणि बारावी बाहेर. रोल बाहेर काढल्यावर कागद आणि स्पूलच्या चकतीमधल्या फटीतून प्रकाश शिरतो, तो बाहेरच्या थरांना जास्त लागतो. नवा रोल भरताना प्रकाश लागला असता तर उलटं झालं असतं, कारण न काढलेल्या रोलमध्ये पहिली फ्रेम बाहेर असते.

जुनी_भिंग:
तरी टेप मारून बघाच. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात.

अंधारखोली:
टेपपेक्षा टॉर्च बरा. अंधाऱ्या खोलीत छोटा टॉर्च पेटवून आत ठेवा, दार लावा आणि बिजागरीपासून कुलपापर्यंत सावकाश बघा. फिल्म खर्च होत नाही.

कवडसा:
टॉर्च लावून बघितला, कुठूनही उजेड येत नाही. मग एक जुना रोल नुसता कॅमेऱ्यातून फिरवून काढला. कागद आणि चकतीच्या मध्ये माझं नख सहज आत जातं! एका बाजूला तर कागदाची कड चकतीवर चढलीय. गेले तिन्ही रोल मी गॅलरीत उभी राहून बदलले होते, भर दुपारी. आता हे घट्ट कसं करायचं?

रीळवाला:
खालच्या खणात, जिथे नवा रोल बसतो, तिथे एक पातळ स्प्रिंगची पट्टी असते. ती रोलवर दाब ठेवते. तुमची बहुतेक चेपली असेल. बोटाने अलगद, अगदी थोडी वर उचला, जोर लावू नका. रोल भरताना कागदाची जीभ वरच्या स्पूलच्या खाचेत सरळ घाला. ती तिरकी गेली की कड चकतीवर चढतेच. मग खालच्या रोलवर अंगठा टेकवून कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी येईपर्यंत क्रँक फिरवा. अंगठ्याला थोडा विरोध जाणवला पाहिजे.

प्रकाशमापक:
काढल्यावर रोल सैल वाटला तर हाताने पिळून घट्ट करायचा मोह होतो. तसं करू नका, थरावर थर घासून ओरखडे उठतात. आहे तसाच कागदी पट्टी चिकटवून फॉइलमध्ये गुंडाळा.

दोनशेवीस:
डार्क बॅगमध्येच (आत हात घालायची, उजेड न शिरणारी पिशवी) रोल काढा म्हणजे सैल असला तरी बिघडणार नाही.

कवडसा:
पट्टी चेपलेलीच होती. उचलली, अंगठा धरून तोच रोल पुन्हा फिरवला. आता नख जात नाही, दोन्ही बाजूंनी कागद चकतीला लागून आहे. रविवारी दोन रोल काढीन आणि दोन्ही डार्क बॅगमध्येच बाहेर काढीन. एक शेवटचं. आजी खिडकीपाशी बसणार आहे, आयएसओ ४०० चा रोल आहे, एफ/४ ला १/६० मिळतंय. ट्रायपॉड लावू का?

जुनी_भिंग:
लावा. आणि एफ/५.६ ला १/३० घ्या. ८० मिमीला जवळून एफ/४ वर एक डोळा फोकसमध्ये आला तर दुसरा सुटतो. टीएलआरमध्ये आरसा हलत नाही, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार) असेल तर १/३० ला काही धोका नाही. तेवढं आजींना हलू नका म्हणून सांगा.

कवडसा:
ती हलत नाही, बोलते. बोलणं थांबलं की दाबीन.