लग्नात वाजवणाऱ्या नव्या पोरांनी ट्रॅक लावावा का?

खर्ज:
चार-पाच जणांचा नवा ग्रुप लग्नात किंवा वस्तीतल्या कार्यक्रमात उभा राहतो आणि निम्मं संगीत लॅपटॉपमधून येतं, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरून. माझं मत: पहिली दोन वर्षं ट्रॅकला हात लावू नये.

लग्नाचं वेळापत्रक पाळलं जात नाही. एन्ट्रीसाठी ४० सेकंदांचं संगीत बसवलेलं असतं आणि नवरा-नवरी दारातच फोटोत अडकतात. लाइव्ह असाल तर तेच चार बार (तालाची आवर्तनं) फिरवत राहायचं, जोडी जवळ आली की ड्रमरनं मान हलवायची, पुढच्या समेवर मुखडा. ट्रॅक थांबत नाही. मुखडा मोकळ्या वाटेवर वाजून जातो.

दुसरं, पट्टी. गायिकेचा घसा बसला आणि गाणं मुलावर आलं, तर पट्टी चार-पाच अर्धस्वर हलवावी लागते. कीबोर्डवाला ट्रान्सपोज दाबतो, गिटारवाला दुसऱ्या कॉर्ड्स धरतो. तयार ट्रॅक दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे ताणला की ड्रम पुठ्ठ्यासारखे वाजतात.

फेडर३१:
एन्ट्रीचा मुद्दा जुना झाला. ट्रॅकच्या इंट्रोला लूप लावायचा, म्हणजे तो तुकडा फिरत राहतो, आणि पायातल्या पेडलनं सोडायचा. प्रश्न आवाजाचा आहे. छोट्या हॉलमध्ये जोरात वाजवलेला ड्रमसेट माइकशिवायच १०० डेसिबलपर्यंत जातो. मग गायकाचा माइक वर, मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) वर, आणि तो आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी सुरू. कानाच्या सुरक्षेचा एक रूढ हिशेब ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं, आणि पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं तीन तास बसतात. इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड आणि ट्रॅक असेल तर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढता येतो.

लावायचा तर नीट लावा. डाव्या चॅनेलवर क्लिक (लय धरायची टिकटिक), उजवीकडे संगीत, दोन्हींना वेगळा डीआय (लॅपटॉप आणि साउंड डेस्कच्या मधली जोडणीची डबी). क्लिक फक्त ड्रमरच्या कानात. डेस्कवर त्या फेडरखाली टेप चिकटवून लिहा, 'मेनला (हॉलच्या स्पीकरला) नाही'. हे राहिलं की टिकटिक अख्ख्या हॉलला ऐकू जाते. चार्जरची गुणगुण डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणानं बहुतेक वेळा जाते. प्लगची अर्थिंग पिन काढणं हा उपाय नव्हे, त्यानं माइकला ओठ लावणाऱ्याला शॉक बसू शकतो.

खर्ज:
शिट्टीचं पाप ड्रमवर का? मॉनिटर चुकीच्या जागी असतो. कार्डिऑइड प्रकारचा माइक बरोबर पाठीमागे बहिरा, म्हणून त्याचा मॉनिटर गायकाच्या थेट समोर. सुपरकार्डिऑइड या दुसऱ्या प्रकाराला मागून थोडं ऐकू येतं, त्याचे बहिरे कोन माइकच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना साधारण १२५ अंशांवर. तिथं मॉनिटर समोरून डावी-उजवीकडे सरकवायचा. आणि गायकानं स्टाइल म्हणून जाळी मुठीत धरली की दोन्ही नियम गेले, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. पोरांना आधी हे शिकवा. ड्रम जड होत असतील तर काठ्यांऐवजी रॉड्स (बारीक काड्यांची जुडी, आवाज हलका), नाहीतर कहोन (बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी).

मांडववाला:
दोघंही स्टेजवरून बोलताय. ट्रॅक की लाइव्ह, हे बहुतेक पाहुण्यांना कळतही नाही. दोन गाण्यांमधलं मिनिटभराचं ट्यूनिंग मात्र सगळ्यांना कळतं. ४५ मिनिटांना १० गाणी आणि दोन राखीव, एका पट्टीची गाणी शेजारीशेजारी. उघड्यावर दिवे तापले की गिटारच्या तारा उतरतात, दमट हवेत तबल्याची पुडी ढिली पडते. म्हणून गिटारला क्लिपचा ट्यूनर आणि तबल्याला जोडीचा दुसरा दायाँ हवाच. बोलणी करताना लिहून घ्या: साउंड कोणाचं, लाइट आणि साउंडची वीज वेगवेगळ्या लाइनवर आहे का, कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर संपायची वेळ सरकते की नाही. या शेवटच्या ओळीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. निम्मे पैसे तारीख पक्की करतानाच.

फेडर३१:
मान्य. पण खर्ज, बेसवाला ऐन वेळी आलाच नाही तर? ट्रॅक असता तर कार्यक्रम वाचला असता.

खर्ज:
कीबोर्ड स्प्लिट करा, म्हणजे दोन भागांत दोन आवाज: डावीकडच्या दोन सप्तकांत बेस. ट्रॅकवर वाढलेल्या कीबोर्डवाल्याचा डावा हात झोपलेला असतो, म्हणून तर आधी लाइव्ह म्हणतोय.

फेडर३१:
स्प्लिटमध्ये बेस आणि पियानो एकाच केबलमधून आले तर डेस्कवर बेस एकटा वाढवता येत नाही. बेस पूर्ण डाव्या, पियानो पूर्ण उजव्या चॅनेलला वळवून (पॅन करून) दोन केबल द्या. मग डावा हात जागा आहे की नाही, ते मीही ऐकतो.